दोन दुखण्यांमधले दिवस

२००३ साली शिकायला पुण्यात आले, तेव्हापासून वही ठेवते आहे. तिच्यात दिवस दोनच प्रकारचे: डोकं उठलेले आणि बरे. आजी याला अर्धशिशी म्हणायची, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायला लावायची. हिशेब ठेवला तो उठलेल्या दिवसांचाच. आता वही चाळताना दिसतं, की बऱ्या दिवसांच्या समासातही बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं आहे. 'प्रभात रस्त्यावर झाडांतून लुकलुकणारं ऊन सोसेना.' 'तुळशीबागेत बारीक पट्ट्यांची साडी बघताना पट्टे हलायला लागले.' एमआरआय स्वच्छ आला, आणि हे सगळं माझ्या नाजूकपणाच्या खाती जमा झालं.

ते तिथे जमा व्हायला नको होतं. बेल्जियममधल्या लिएजचे संशोधक शोनेन यांच्या गटाने १९९५ मध्येच अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या, रुग्णांना, दुखत नसतानाच्या दिवसांत, पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन सारखे अदलाबदल करून दाखवले होते. डोक्याच्या मागच्या भागावर लावलेल्या तारा मेंदूचा प्रतिसाद टिपत होत्या. एरवी मेंदू सरावतो, तेच तेच बघून प्रतिसाद उतरत जातो. या रुग्णांत तो उलट चढत गेला. पुढे काही प्रयोगांत, तपासणाऱ्याला रुग्ण कोण हे ठाऊक नसताना, हा फरक दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण पट्ट्यांचा त्रास अनेकांनी नोंदवला आहे. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीत काळ्या-पांढऱ्या रेघांच्या तीनेक जोड्या मावल्या, तर त्या सर्वांत जास्त बोचतात. ठिपक्यांच्या गर्दीतून एकाच दिशेने सरकणारे मोजके ठिपके ओळखणंही मायग्रेनवाल्यांना जड जातं. हे वाचलं आणि लक्ष्मी रस्ता ओलांडताना दुचाकींच्या लोंढ्यासमोर मी का थिजते, याची पहिल्यांदा शंका आली.

मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली. तिथल्या सरकत्या जिन्याच्या पट्ट्यांसारख्या खाचांकडे खाली बघितलं की पोटात ढवळतं. मी साधा जिना चढते, आणि आता कारण विचारलं तर सांगतेही.

२०२४ च्या गणेशोत्सवात लेसरच्या झोतांवर पोलिसांनी बंदी घातली होती. टोपी पुढे ओढून अलका चौकात तासभर मिरवणूक बघितली. वहीत त्या रात्रीपुढे 'बरा' आहे. समासात 'एलईडीच्या भिंती', आणि त्याखाली एक रेघ.