पालापाचोळा जाळू नका, मातीवर पसरा

एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या मातीचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. ओल उडून जाते, वरची बारीक मुळं करपतात, गांडुळं खोल जातात. मग जूनच्या सरी त्याच मातीवर आदळतात, ढेकळं फुटून वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. दोन्हींवर उपाय एकच, आच्छादन. वाळका पाला, उसाचं पाचट, भाताचा पेंढा, जे जवळ मिळेल ते. आधी माती भिजवायची, मग दोन-तीन इंचांचा थर द्यायचा आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची. ही जागा सोडली नाही तर खोड ओलं राहून कुजतं, आणि दोष आच्छादनाला मिळतो.

आच्छादनाने वाळवी येते हा आक्षेप अगदीच खोटा नाही, म्हणून घराच्या भिंतीलगत थर नको. वाफ्यात मात्र ती मुख्यतः मेलेल्या काड्यांवर जगते; कोरड्या, तहानलेल्या झाडांना तिचा धोका जास्त. लाकडाचा भुसा नत्र अडकवतो, हेही खरं, पण मुख्यतः तो मातीत मिसळला तर. नुसता वर पसरला तर परिणाम वरच्या पातळ थरापुरता. कोकणातल्या पावसात गोगलगायी आडोसा शोधतात, तेव्हा रोपांभोवतीचा थर विरळ करावा. राहिली तक्रार थर लवकर विरतो याची. उष्ण-दमट हवेत तो विरणारच, त्याचंच तर खत होतं! पाऊस सरला की पुन्हा भर घाला.

तुमच्याकडे काय सहज मिळतं? शंका असतील तर जरूर विचारा.