विश्लेषण : ‘अलबेला’तील ट्रम्पेट कोणाचे? जुन्या गाण्यांतील वादकांची नावे का सापडत नाहीत?

‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील एखाद्या गाण्याची लिंक मोबाइलवर आली की भगवानदादांच्या नाचाचा विषय निघतो, सी. रामचंद्रांच्या चालीचे कौतुक होते. ट्रम्पेट कोणी वाजवले, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारले तरी म्युझिक ॲपवर उत्तर मिळणे कठीण. तिथे गायक, संगीतकार, गीतकार असतात. वादक बहुधा नसतात. हा केवळ विसराळूपणा नाही. मुंबईतील जॅझ वादक ज्या पद्धतीने पोट भरत, तिच्याशी याचा संबंध आहे आणि कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीशीही.

कोण होते चिक चॉकलेट?

आन्तोनियो झेवियर वाझ हे गोव्यातील हळदोण्याचे. ट्रम्पेटवादक म्हणून ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जात. लुई आर्मस्ट्राँग यांची शैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती, की त्यांना मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हटले जाई. सी. रामचंद्रांचे ते सहायक होते. ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. म्हणजे चेहरा लाखोंनी पाहिला, सूर लाखोंनी ऐकले, नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईत जॅझ कसा पोहोचला?

लिऑन ॲबे या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांना ऐकून इथल्या वादकांची एक पिढी तयार झाली. त्यात गोव्याचे अनेक जण होते, कारण पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी लहानपणीच शिकवली जाई. मुंबईत पुढे हीच स्वरलिपी त्यांच्या रोजगाराचे साधन ठरली.

हॉटेलांतून स्टुडिओत का?

हॉटेलातील काम रात्रीचे आणि बेभरवशाचे. त्यात स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली. चित्रपटसृष्टीला मात्र याच सुमारास मोठ्या वाद्यवृंदांची गरज भासू लागली होती. अनेकांचा दिवस मग दोन पाळ्यांत विभागला गेला : दिवसा रेकॉर्डिंग, रात्री डान्स बँड.

स्टुडिओतील कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवत. ती कागदावर उतरवणे, व्हायोलिन काय वाजवतील, सॅक्सोफोन कुठे शिरेल, दोन कडव्यांमध्ये काय येईल, हे बसवणे अरेंजरकडे असे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम करणारे सेबास्टियन डिसूझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. ‘अरेंजर’ या कोरड्या शब्दातून त्या कामाचा आवाका कळत नाही. आपण जे ‘म्युझिक पीस’ गुणगुणतो, त्यातील कित्येक या मंडळींच्या टेबलावर जन्मले.

मोबदला शिफ्टप्रमाणे मिळे. रेकॉर्डिंग संपले, पैसे हातात पडले, संबंध संपला. गाणे पुढे सत्तर वर्षे वाजले तरी वादकाला त्यातून काही मिळत नसे.

एक नाव मात्र घरोघरी पोहोचले, तेही उलट्या मार्गाने. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यात अमिताभ बच्चन यांचे पात्र ज्या अँथनी गोन्साल्विस या नावाने स्वतःची ओळख करून देते, ते माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे, संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचे नाव आहे. अनेकांना ते काल्पनिकच वाटते.

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला आणि ‘हे मी सादर केले’ असे नाव सांगण्याचा नैतिक हक्कही दिला. कागदावर ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत वादक स्पष्टपणे आहे.

मेख पुढे आहे. त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो ‘परफॉर्मर’ मानला जाणार नाही. आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्यापुरता हक्क तेवढा त्याला राहतो. आता गाण्यातील ट्रम्पेटचा तुकडा किरकोळ म्हणायचा का? ऐकणारा म्हणणार नाही. पण अटीचा दुसरा भाग वादकांवर हमखास लागू पडतो, कारण नाव न देण्याचीच प्रथा होती. ज्या प्रथेने अन्याय केला, तिचाच आधार कायद्याने घ्यावा, हे विचित्र आहे.

पुढे काय झाले?

रॉयल्टी वसुलीसाठी गायकांची ‘इस्रा’ ही संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली. पुढे तिच्या नावात ‘म्युझिशियन्स’ हा शब्दही आला. त्याचा लाभ झाला तर तो नंतरच्या पिढ्यांना. सादरीकरणाच्या हक्काची मुदत ५० वर्षांची आहे आणि चिक चॉकलेट यांच्या हयातीत तो हक्कच अस्तित्वात नव्हता.

या वादकांची नावे हवी असतील तर नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ आणि ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ ही दोन इंग्रजी पुस्तके उपयोगी पडतात. बूथ यांनी तर मुंबईतील वयोवृद्ध वादकांना भेटून त्यांच्याच तोंडून हा इतिहास नोंदवला आहे.