सकाळी आठचा भार

शहराच्या कडेला नवी गृहसंकुले उभी राहू लागली की चर्चा रस्त्याची आणि नळाच्या पाण्याची होते. तेच पाणी मोरीतून, संडासातून बाहेर पडल्यावर कुठे जाते, हा प्रश्न बहुधा रस्त्यावरचे चेंबर उफाळल्यावरच विचारला जातो. मैलापाणी शक्यतो उताराने वाहून नेतात. वाहिनी फार खोल गेली किंवा पुढे चढ लागला की ते विहिरीत गोळा करून पंपाने वर उचलावे लागते. हे काम करणाऱ्या उपसा केंद्राची शेजाऱ्यांना सहसा दुर्गंधीवरूनच ओळख असते.

समजा, अशा एका केंद्राच्या हद्दीत 5,000 सदनिका येणार आहेत. घरटी 4 माणसे, म्हणजे 20,000 लोक. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. त्यातले सुमारे 80 टक्के मैलावाहिनीत येते. दिवसाला 21 लाख 60 हजार लिटर, सेकंदाला 25 लिटर. आकडा घाबरवणारा नाही. पण माणसे चोवीस तास सारख्या प्रमाणात आंघोळी करत नाहीत. एवढ्या वस्तीसाठी गर्दीच्या वेळचा प्रवाह सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला 75 लिटर धरावा लागतो. सकाळी आठला 15 मिनिटे वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर 67,500 लिटर मैलापाणी साचते. 10 हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर! विहिरीत जागा नसेल तर ते नाल्यात तरी जाते, नाहीतर रस्त्यावर. पावसाळ्यात यात भर पडते, कारण अनेक इमारतींच्या गच्चीचे पाइप ड्रेनेजलाच जोडलेले असतात आणि अंगणात पाणी तुंबले की कुणीतरी चेंबरचे झाकण उघडून मोकळा होतो.

मग मोठा पंप बसवला की झाले? तसे होत नाही. पंपापासून पुढे जाणारी दाबनलिका तीच राहिली आणि प्रवाह दुप्पट केला, तर नळीतले घर्षण साधारण चौपट होते. समजा, आज पाणी 10 मीटर उचलावे लागते आणि घर्षणापोटी आणखी 5 मीटर लागतात. प्रवाह दुप्पट केल्यावर हे 15 मीटर 30 होतात आणि विजेची गरज चौपट होते. नळी बदलायची तर रस्ता खोदावा लागतो. खर्चाचा खरा आकडा तिथे दडलेला असतो.

उलट चूकही होते. पुढच्या 30 वर्षांचा विचार करून सगळेच पहिल्या दिवशी मोठे केले, तर निम्म्या सदनिका रिकाम्या असताना मैलापाणी विहिरीत आणि नळीत पडून राहते. त्यातला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. या वायूतून बनणारे आम्ल काँक्रीट खाते, आणि वायू जास्त असेल तर काही मिनिटांत नाकाला वास येणेच बंद होते. विहिरीत उतरलेल्या कामगाराला धोका टळला असे वाटते, तेव्हा तो वाढलेला असतो. म्हणून सरासरी प्रवाहात मैलापाणी विहिरीत अर्ध्या तासाहून जास्त राहू नये, असा दंडक आहे. बांधकाम 30 वर्षांचे, पंप 15 वर्षांचे आणि तेही वस्ती भरेल तसे वाढवायचे, हा शहाणा मार्ग.

नाल्यात सुटलेले मैलापाणी तिथेच थांबत नाही. आपल्याकडे नळाला ठरावीक तासच पाणी असते. उरलेल्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत येते. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो त्याच वाटेने घरात शिरतात. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. अनेक ठिकाणी माणसे आधी आली, वाहिन्या मागून. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्याकडेच वळला होता.

नव्या जोडण्यांना परवानगी देण्याआधी केंद्राची नोंदवही उघडली तरी बरेच कळते. राखीव पंप कोरड्या दिवशीही रोज सकाळी सात ते दहा चालू ठेवावा लागत असेल, तर तो राखीव उरलेला नाही.