डब्लिनचा छापखाना आणि अटलांटिकपारची लढाई

मे १८४५मध्ये फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र बोस्टनला प्रसिद्ध झालं आणि त्याच पुस्तकापायी त्यांना देश सोडावा लागला. मेरीलँडमधून पळालेल्या या गुलामाने त्यात मालकांची नावं उघड लिहिली होती आणि कायद्याने ते अजून मालकाचेच होते. ऑगस्टमध्ये ते लिव्हरपूलच्या बोटीत बसले, तिथून डब्लिनला रिचर्ड वेब यांच्याकडे गेले.

वेब व्यवसायाने मुद्रक. १८३७च्या हायबर्नियन गुलामगिरीविरोधी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. बोस्टनच्या ‘लिबरेटर’ साप्ताहिकाचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८४०पासून बोस्टनच्या टपालबोटी सुरू झाल्या, तशी पत्रं आणि अंक सुमारे दोन आठवड्यांत समुद्र ओलांडू लागले. एकाने छापलेला मजकूर दुसरे संपादक उचलून आपल्या पत्रात छापत.

वेब यांच्या छापखान्यात खिळे जुळवून आत्मचरित्राची डब्लिन आवृत्ती निघाली. सभांमध्ये तिच्या प्रती विकून डग्लस यांचा प्रवासखर्च निघे. पुस्तकातल्या चित्रावरून आणि पाद्र्यांच्या अभिप्रायांवरून दोघांत खटके उडाले, तरी काम थांबलं नाही.

याच सुमारास डेलावेअरच्या एका वृत्तपत्रात थॉम्प्सन नावाच्या गोऱ्या गृहस्थाचं पत्र आलं : या गुलामाला मी ओळखत होतो, तो अडाणी होता, असं पुस्तक त्याच्याने लिहवणार नाही. ‘लिबरेटर’ने ते पुन्हा छापलं. डग्लस यांनी स्कॉटलंडमधून उत्तर धाडलं आणि थॉम्प्सनचे आभारच मानले. आपण खरोखर गुलाम होतो का, अशी शंका घेणाऱ्यांना विरोधकानेच साक्ष दिली होती. १८४६च्या दुसऱ्या डब्लिन आवृत्तीत आरोप आणि उत्तर, दोन्ही छापलं गेलं. सत्यावर भरवसा असलेली चळवळ विरोधकाचं म्हणणंही वाचकापुढे ठेवते, हे त्या पानांवरून कळतं.

त्याच वर्षी न्यूकॅसलच्या रिचर्डसन कुटुंबातल्या स्त्रियांनी पुढाकार घेऊन १५० पौंड जमवले, ते मालकाला दिले गेले आणि डग्लस कायद्याने मुक्त झाले. ब्रिटिश मित्रांच्या देणगीतून ३ डिसेंबर १८४७ला अमेरिकेतल्या रॉचेस्टरहून त्यांचं स्वतःचं ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र निघालं. आता गुलामीत जन्मलेला माणूस स्वतः संपादक होता.

१८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. त्या मानात डब्लिनच्या जुळाऱ्यांचाही वाटा धरायला हवा.