किती दुकाने उघडी? प्लास्टिकची स्फटिकता मोजण्याची एक युक्ती

दुधाची पिशवी मऊ, तर पाणी साठवायचे निळे पिंप कडक. दोन्ही पॉलिएथिलीनचीच, असे वर्गात सांगितले की प्रश्न येतो, "मग हा फरक कशामुळे?"

उत्तर रेणूंच्या मांडणीत आहे. पॉलिएथिलीनचा रेणू म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची लांबलचक साखळी. काही ठिकाणी या साखळ्या घड्या घालून नीट रचल्या जातात; तो स्फटिकी भाग. इतरत्र त्या शिजलेल्या शेवयांसारख्या गुंतून पडतात. तो अस्फटिकी भाग. पिशवीच्या पॉलिएथिलीनमधील साखळ्यांना फांद्या असतात, त्यामुळे त्या नीट रचल्या जात नाहीत. पिंपातील साखळ्या जवळजवळ सरळ, म्हणून स्फटिकी भाग जास्त. पण जास्त म्हणजे किती?

नमुना वितळवायला लागणाऱ्या उष्णतेवरून हे काढता येते. मात्र तुलनेसाठी पूर्ण स्फटिकी पॉलिएथिलीनचा आकडा लागतो, आणि असा नमुना हाती मिळत नाही. तो आकडा अप्रत्यक्षपणे ठरवावा लागतो. टोरांटो विद्यापीठातील जेम्स गिलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९-७० मध्ये एक वेगळी वाट दाखवली.

खडूवर शाईचा ठिपका देऊन रंग वेगळे करण्याचा प्रयोग आपण करतोच. गॅस क्रोमॅटोग्राफीत खडूच्या जागी एक नळी असते. तिच्यात ओळखीचा पदार्थ भरून, वाहक वायूबरोबर अनोळखी मिश्रणाची वाफ सोडतात. गिलेट यांनी हे उलटे केले. तपासायचे प्लास्टिक निष्क्रिय कणांवर पातळ थर देऊन नळीत भरले आणि ओळखीच्या द्रवाची वाफ त्यातून सोडली. पॉलिएथिलीनसाठी डेकेनसारखा हायड्रोकार्बन चालतो.

आता एका बाजारपेठेची कल्पना करू. एक गिऱ्हाईक एका टोकाकडून निघते आणि वाटेतल्या प्रत्येक उघड्या दुकानात डोकावते. पलीकडे पोचायला त्याला जितका उशीर, तितकी दुकाने उघडी. वाफेचे रेणू असेच वागतात. ते अस्फटिकी भागात विरघळतात, तिथे थांबतात आणि पुन्हा बाहेर पडतात. स्फटिकी भागात त्यांना शिरताच येत नाही. ती बंद दुकाने.

पण सगळी दुकाने उघडी असती तर किती उशीर झाला असता, हे कसे कळणार? त्यासाठी प्लास्टिक वितळवायचे. कडक पॉलिएथिलीन सुमारे १३० अंश सेल्सियसला वितळते. त्यानंतर स्फटिक उरतच नाहीत. वितळल्यावर वेगवेगळ्या तापमानांना हा उशीर मोजून, त्याचा लॉगॅरिथम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळते. ती खालच्या तापमानांकडे वाढवली की पूर्ण अस्फटिकी नमुन्याने किती उशीर लावला असता ते वाचता येते.

समजा, ८० अंशांना या रेषेनुसार १०० सेकंद उशीर व्हायला हवा होता, पण मोजला तेव्हा ४० सेकंदच भरला. म्हणजे अस्फटिकी भाग ४० टक्के, स्फटिकी भाग ६० टक्के. तुलनेचे माप नमुन्यातूनच मिळाले!

हाच आलेख आणखीही सांगतो. पॉलिस्टायरीनसारखे प्लास्टिक सुमारे १०० अंशांखाली काचेसारखे ताठ असते. तेव्हा वाफ फक्त पृष्ठभागाला चिकटते. तापमान वाढवत नेले की साखळ्या सैल होतात, वाफ आत शिरू लागते आणि एरवी तापमानाबरोबर घटणारा उशीर काही काळ उलट वाढतो. रेषा जिथे वळते तिथे काचसंक्रमण तापमान.

पथ्ये मात्र पाळावी लागतात. थर पातळ आणि वायूचा प्रवाह संथ हवा, नाहीतर वाफेला आत शिरायला वेळच मिळत नाही. शिवाय वितळून पुन्हा गोठलेल्या नमुन्याची स्फटिकता बदललेली असू शकते. म्हणून मूळ नमुन्याची मोजणी वितळवण्यापूर्वीच करायची.

वर्गात हा आलेख फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: वाफ कुठे शिरली नाही, हे आपल्याला कशावरून कळले?