कामठीच्या आंब्यावरचा वंदा

मे महिन्यातली कामठी. पारा ४५ अंशांकडे सरकलेला, कन्हानच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा दिवसांत जुन्या आंब्याच्या बेचक्यात, चिमूटभर मातीचाही आधार नसताना, फुलांचा तुरा डुलत असतो. पिवळसर हिरव्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी रेघांची चौकटीदार जाळी, मधोमध निळसर जांभळा ओठ. नाक जवळ नेलं तर गोड वास. ही आपल्या विदर्भाची आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा.

खाली उभं राहून कुणालाही विचारा, उत्तर येईल, "बांडगूळ आहे, काढून टाका." गंमत म्हणजे हा आरोप तिच्या नावातच बसला आहे. झाडावर उगवणाऱ्या परोपजीवी वनस्पतीला संस्कृतात वंदा किंवा वंदाक म्हणत. आपला ‘बांदा’ त्याच घरातला. अठराव्या शतकात कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी ‘वंदा’ हाच शब्द या आमरीसाठी उचलला आणि तो ‘व्हँडा’ होऊन जगाच्या वनस्पतीशास्त्रात गेला. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली या जातीचं वर्णन केलं, तेव्हा पाकळ्यांवरची नक्षी पाहून लॅटिनमधून ‘टेसेलाटा’, म्हणजे लहान चौकोनी फरश्यांची, असं विशेषण दिलं. विशेषण अगदी बरोबर. वंदा हे नाव मात्र तिच्यावर अन्याय करणारं.

कारण खरं बांडगूळ फांदीच्या लाकडात मूळ खुपसून झाडाचा रस ओढतं. त्याची पानं रुंद असतात, फुलं नळीसारखी, फळाचा गर चिकट. या आमरीची पानं चामड्यासारखी जाड, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली, दोन रांगांत एकावर एक, आणि टोकाला कुणीतरी कुरतडल्यासारखी दातेरी. फुलं नसतानाही एवढ्यावर ओळख पटते. मुळं सालीवरून नुसती सरपटतात, उरलेली हवेत लोंबतात. आंब्याकडून आमरी फक्त बसायला जागा घेते.

ही मुळं एकदा तरी जवळून पाहा. कोरडी असताना रुपेरी पांढरी. त्यांवर पाण्याचे चार थेंब टाका आणि थांबा. बघता बघता पांढरा रंग विरतो आणि मूळ हिरवंगार होतं! वरचं पांढरं आवरण मेलेल्या, पोकळ पेशींचं असतं. ते स्पंजासारखं पाणी शोषतं, पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. म्हणजे हे मूळ पाणी पितं आणि पानासारखं अन्नही बनवतं. उन्हाळ्यातली तगही अशीच हुशारीची: अशा जाड पानांच्या आमऱ्या दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं मिटून ठेवतात, रात्री गारव्यात उघडतात आणि तेव्हा हवा आत घेतात.

घरी वाढवायची असेल तर मातीची कुंडी विसरा. मातीत मुळं गुदमरून कुजतात. पावसाळ्याच्या तोंडाशी अंगणातल्या आंब्याला किंवा जुन्या लाकडाच्या ओंडक्याला सुती दोरीनं हलकेच बांधा. दोरी कुजेपर्यंत मुळं साल धरतात. कोवळं ऊन हवंच. पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, पिवळी पडून त्यांवर डाग उमटले तर जास्त होतोय. मे महिन्यात दुपारी हिरव्या जाळीची सावली करा. पाणी कधी द्यायचं ते मूळच सांगतं: रुपेरी दिसलं की द्या, हिरवं असेल तर थांबा. पाणी सकाळी द्यावं आणि शेंड्यातल्या पानांच्या खोबणीत साचू देऊ नये. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर नकोच. त्यात साचलेले क्षार मुळांवर बसतात. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं. हिवाळ्यात हात आखडता घ्या.

बियांपासून रोप करण्याचा विचार मात्र सोडून द्या. शेंगेतलं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. विशिष्ट बुरशी आत शिरून पोसते, तेव्हाच ते रुजतं. हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना १८९९ साली उमगलं. १९२२ साली अमेरिकेत ल्युईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर बी रुजवून दाखवलं, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत आमऱ्या करता येऊ लागल्या. रानातली एक आमरी ओरबाडली की तिची जागा घ्यायला दुसरं रोप सहज येत नाही, ते बुरशीच्या या गरजेमुळेच. ‘रास्ना’ म्हणूनही हिची मुळं औषधासाठी खरवडली जातात. जगातल्या सगळ्याच आमऱ्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारानं बांधलेला आहे.

म्हणून रोप रोपवाटिकेतूनच घ्या. झाडावरची आमरी झाडावरच राहू द्या. आणि मृगाआधीच्या वादळात तुमच्या गल्लीत जुना आंबा उन्मळला, तर कुऱ्हाड चालवणाऱ्याला पाच मिनिटं थांबवा. रुपेरी मुळं शोधा, आणि साल न सोलता फांदीच्या त्या तुकड्यासकट तिला उचलून जवळच्या दुसऱ्या झाडावर बांधा.