विश्लेषण : मांजराची नसबंदी झाली, आता घरी काय काळजी घ्याल?

वसई-विरारमध्ये मांजर पाळणारी घरे ढोबळमानाने दोन प्रकारची. नालासोपारा, विरार पूर्वेच्या इमारतींत खिडकीच्या ग्रिलआड वाढणारे मांजर आणि वसई पश्चिमेच्या वाड्यांत किंवा अर्नाळ्यासारख्या मच्छीमार वस्त्यांत दिवसभर हुंदडून जेवायला घरी येणारे मांजर. निर्बीजीकरण म्हणजेच नसबंदीची शस्त्रक्रिया दोघांची सारखीच. बोक्याची काही मिनिटांत आटोपते, मांजरीचे पोट उघडावे लागत असल्याने तिला थोडा अधिक वेळ लागतो. बहुतेक मांजरे त्याच दिवशी घरी येतात. खरी कसोटी पुढच्या १० ते १४ दिवसांची असते आणि या काळात मायेपोटी केलेले घरगुती उपायच अनेकदा अंगाशी येतात.

पहिल्या रात्री काय होते?

भुलीचा अंमल पूर्ण उतरायला १२ ते २४ तास लागू शकतात. मांजर झोकांड्या खाते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, कोपऱ्यात लपते, एखादवेळी उलटीही करते. ओळखीच्या माणसावरही फिस्कारते. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र या अवस्थेत त्याला उंचावर चढू देऊ नये. गॅलरी आणि खिडक्या बंद ठेवाव्यात, पलंग-कपाटाऐवजी जमिनीवर जुन्या चादरीची जागा करावी. भुलीमुळे शरीराचे तापमान घसरते, म्हणून पंखा किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको.

पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी आणि ते पोटात टिकले तर नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणे द्यावे. ‘सकाळपासून उपाशी आहे’ म्हणून ताट भरून वाढले, तर उलटीची शक्यता वाढते. लहान पिलाला मात्र फार वेळ उपाशी ठेवू नये.

जखम कशी भरते?

बोक्याला बहुतेक वेळा बाहेरून टाके नसतात. अंडकोषाची पिशवी काही दिवस फुगलेली दिसते आणि ‘शस्त्रक्रिया झालीच नाही की काय’ अशी शंका घरच्यांना येते. ती सूज हळूहळू उतरते. मांजरीच्या पोटावर किंवा कुशीवर केस काढलेला पट्टा आणि टाके असतात. विरघळणारे नसतील तर ते साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.

जखमेचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे मांजराची खरखरीत जीभ. सतत चाटल्याने टाके उसवतात आणि जंतुसंसर्ग होतो. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर पाहून जीव तुटतो, तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ती काढू नये. लिटर ट्रेमधली वाळू जखमेला चिकटते, त्यामुळे काही दिवस वर्तमानपत्राचे तुकडे वापरावेत. आंघोळ पूर्ण बंद.

जखमेवर हळद, तेल, राख असे काहीही लावू नये. मांजर ते चाटणारच. मांजर झोपते त्या फरशीवर फिनाईल फिरवू नये. फिनॉल गटातील रसायने मांजरांना विषारी असतात आणि पंजे चाटताना ती पोटात जातात.

वाडीत फिरणाऱ्या मांजराला हे दिवस घरातच ठेवावे लागते. ओल्या जखमेवर माशी बसली तर अळ्या पडू शकतात. पावसाळ्यात हा धोका अधिक. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या होत्या. अशा दिवसांत दवाखाना गाठणेही अवघड होते. शस्त्रक्रियेची तारीख निवडताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

कोणते औषध जिवावर बेतू शकते?

पॅरासिटामॉल. मांजराच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. माणसाच्या हाताला ते नेहमीच गरम लागते. शस्त्रक्रियेनंतर घरच्यांना वाटते ताप आला आणि तापाची अर्धी गोळी दुधातून दिली जाते. हे औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांचाही धोका आहे. चुकून गोळी दिली गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता तातडीने पशुवैद्यकाकडे जावे. लवकर पोहोचल्यास उतारा देता येतो.

डॉक्टरकडे कधी धाव घ्यावी?

जखमेतून रक्त थांबत नसेल, पू किंवा दुर्गंध येत असेल, टाके उसवले असतील, हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील, श्वास जोरात चालत असेल, तर लगेच. २४ तासांनंतरही मांजर काहीच खात नसेल तरीही. बोका वारंवार लघवीला बसतो पण थेंबही होत नाही, ही अवस्था सकाळपर्यंत थांबण्याची नाही. मूत्रमार्ग तुंबल्याचे ते लक्षण असू शकते.

स्वभाव बदलतो का?

खेळणे, लाडीगोडी, उंदरामागे धावणे तसेच राहते. मांजरीचे माजावर येऊन रात्रभर ओरडणे थांबते. बोक्याचे भटकणे, मारामाऱ्या आणि भिंतीवर उग्र वासाची फवारणी बहुतेकदा कमी होते, पण त्याला काही आठवडे लागतात. सुमारे १० टक्के बोक्यांमध्ये फवारणीची सवय उरते. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर तरी बोक्याला माजावरच्या मांजरीपासून दूर ठेवावे, कारण शरीरात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात.

घरातले दुसरे मांजर परतलेल्या सोबत्यावर फिस्कारते, ते दवाखान्याच्या वासामुळे. एक-दोन दिवस दोघांना वेगळे ठेवले की राग निवळतो.

वजन का वाढते?

नसबंदीनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज मात्र साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते. भात-मासळीचे पूर्वीइतकेच ताट आता जास्त होते. दर महिन्याला वजन करावे, खाणे मोजून द्यावे. सुक्या बोंबलाच्या खारट तुकड्यांऐवजी मीठ न घालता उकडलेली, काटे काढलेली मासळी बरी.

इतके करून फायदा काय?

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजाला वैद्यकीय आधार नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचे जंतनाशन, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. त्या जबाबदारीतला दवाखान्यातला भाग डॉक्टर पार पाडतात. उरलेले दोन आठवडे घरच्यांचे. दवाखान्यातून निघताना रात्री संपर्क साधता येईल असा क्रमांक, औषधांची मात्रा आणि टाके काढण्याची तारीख लिहून घेतली, तर ते बरेच सोपे जातात.